जॅझच्या जुन्या तबकड्या : मूळ प्रत कोणती?

मागच्या व्याख्यानानंतर कुणीतरी आमच्या हातात एक चिठ्ठी दिली. "सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत आणि घरी जॅझच्या रेकॉर्ड्स जमवता असं कळलं. ह्यात तत्त्वज्ञान कुठे बसतं?" लिहिणाऱ्याने गमतीत लिहिलं असेल. पण चिठ्ठी आम्ही घरी नेली, टेबलावर ठेवली, आणि आठवडाभर ती आमच्याकडे बघत राहिली. आज त्या चिठ्ठीला उत्तर द्यायचा विचार आहे.

आधी आमची अडचण सांगतो. आमच्या घरी साडेतीनशेच्या आसपास जॅझच्या लाँग प्ले तबकड्या आहेत. चाळीस वर्षांत एकेक करून जमलेल्या. आम्ही सत्तरी ओलांडून बरीच वर्षं झाली, आणि गेल्या दिवाळीला मुलगी कपाट आवरताना म्हणाली, "बाबा, ही एकच रेकॉर्ड तीनदा आहे. तिन्ही ठेवायच्या? ऐकायचं तर फोनवर सगळंच आहे." तिचं म्हणणं रास्त होतं. आम्ही काहीतरी पुटपुटलो. जन्मभर ज्याने युक्तिवाद शिकवला त्याला स्वतःच्या कपाटाबद्दल एक धड युक्तिवाद करता येऊ नये, हे जरा लाजिरवाणंच झालं. तर तिचा प्रश्न आणि चिठ्ठीतला प्रश्न आपण एकत्रच घेऊ.

पुस्तकाची पहिली आवृत्ती जमवणारे लोक असतात. त्यांचा छंद समजतो, पण त्यांना कुणी असं म्हणत नाही की दहाव्या आवृत्तीत कादंबरी वेगळी आहे. अक्षरं तीच असली की कादंबरी तीच. चित्राचं तसं नाही. चित्रकाराच्या हातून उतरलेला कॅनव्हास एकच, बाकी सगळ्या नकला. नेल्सन गुडमन ह्या अमेरिकन तत्त्वज्ञांनी १९६८ साली 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' ह्या ग्रंथात हा भेद फार नेमका मांडला. काही कला अशा, की ज्यांच्यात 'हीच का ती वस्तू, कुणाच्या हातून आलेली' हा इतिहास महत्त्वाचा. त्यांची बनावट प्रत निघू शकते. काही कला अशा, की ज्या लिपीत उतरतात. लिपी बरोबर उतरवली की झालं. पाश्चात्त्य अभिजात संगीत गुडमन ह्या दुसऱ्या गटात घालतात, कारण त्याला स्वरलेखन आहे. बेथोवनची सिंफनी आज पुण्यात कुणी लिहिल्याबरहुकूम वाजवली तर ती बेथोवनचीच सिंफनी.

आता जॅझ कुठे बसवायचं? इथे आपल्या मंडळींना फार समजावून सांगावं लागत नाही. यमनची बंदिश कागदावर लिहिता येते, भातखंड्यांनी अशा शेकडो लिहून ठेवल्या. पण मल्लिकार्जुन मन्सूरांनी एखाद्या संध्याकाळी ती कशी मांडली, कुठे थांबले, कुठली जागा घेता घेता सोडून दिली, हे त्या कागदावर नसतं. जॅझमध्येही गाण्याची चाल आणि तिच्याखालची सुरावटींची चौकट एवढंच ठरलेलं असतं. त्यापुढचं वादक तिथल्या तिथे रचतो. म्हणजे कलाकृती ती चाल नव्हे. कलाकृती म्हणजे त्या दिवशी, त्या खोलीत, त्या पाच-सात माणसांनी जे केलं ते. ते चित्रासारखं एकमेव आहे. आणि तरीही आपल्यापर्यंत ते पुस्तकासारखं येतं, कारखान्यात हजारोंनी छापलेलं. जॅझच्या तबकड्या जमवणाऱ्याचा सगळा गोंधळ, आणि आमच्या मते त्याचं सगळं शहाणपणही, ह्या एका विसंगतीतून निघतं.

गुडमनच्या मांडणीत ह्याला एक जवळचं उदाहरण सापडतं : छापचित्र. तांब्याच्या पत्र्यावर कलाकार कोरतो, मग त्या पत्र्यावरून पन्नास छाप निघतात. ते पन्नासही अस्सल. पण त्या छापाचा फोटो काढून छापला तर तो अस्सल नव्हे, कारण तो त्या पत्र्यापासून आलेला नाही. तबकडीचं तसंच आहे, फक्त तिच्या बाबतीत पत्रे एकाऐवजी चार-पाच असतात. ते कसे, हे जरा सावकाश पाहू.

स्टुडिओत वाद्यांचा आवाज चुंबकीय फितीवर उतरतो. त्या फितीवरून एक यंत्र लाखेसारख्या मऊ थराच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खोबण कोरतं. हे कोरणं म्हणजे निव्वळ यंत्राचं काम नव्हे. खर्ज किती ठेवायचा, आवाज किती मोठा ठेवायचा, खोबणी किती जवळ आणायच्या, हे कोरणारा माणूस ठरवतो. मग त्या चकतीवर चांदीचा अगदी पातळ थर देतात आणि विजेच्या साहाय्याने निकेल चढवतात. निकेलचा पत्रा सोलून काढला की त्यावर खोबणीच्या जागी उंचवटे येतात. ह्या पत्र्यावरून पुन्हा खोबणीवाला पत्रा करतात, त्याला कारखान्यात 'मदर' म्हणतात. तिच्यावरून पुन्हा उंचवट्यांचा साचा निघतो, तो 'स्टॅम्पर', आणि त्या साच्याखाली गरम व्हिनाईलचा गोळा दाबला की आपली तबकडी. साचा झिजतो. झिजला की दुसरा काढतात. मदर खराब झाली की नवी करतात. सगळंच झिजलं की पुन्हा फितीपाशी जायचं आणि नव्याने कोरायचं, बहुतेक वेळा दुसऱ्याच माणसाने, दुसऱ्याच यंत्रावर, आणि तोवर फितही दहा-वीस वर्षं म्हातारी झालेली. म्हणजे 'तीच रेकॉर्ड' असं आपण म्हणतो तेव्हा नाव तेच असतं. वंशावळ वेगळी असू शकते.

वंशावळ ओळखायची कशी? इथे आम्हाला आमचे जुने नैयायिक आठवतात. डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाही, तरी आग आहे असं आपण म्हणतो, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग ही व्याप्ती आपल्याला ठाऊक आहे. जुन्या तबकडीचा जाणकार दुसरं काय करतो? तबकडी उजेडात तिरकी धरतो आणि शेवटच्या खोबणीपासून लेबलापर्यंतच्या गुळगुळीत पट्टीवर खुणा शोधतो.

ब्लू नोट ही कंपनी घ्या. जर्मनीतून आलेले आल्फ्रेड लायन ह्यांनी ती १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केली, आणि त्यांचे बर्लिनमधले मित्र फ्रान्सिस वुल्फ लवकरच येऊन मिळाले. पन्नाशीच्या दशकात त्यांचं ध्वनिमुद्रण करत असत रूडी व्हॅन गेल्डर. हा गृहस्थ दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा, आणि न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात माइक लावून ध्वनिमुद्रण करायचा. जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' ही १९५७ सालची तबकडी त्या दिवाणखान्यातली आहे. १९५९ मध्ये त्यांनी इंगलवुड क्लिफ्सला खास स्टुडिओ बांधला. महत्त्वाचं हे, की फितीवरून चकती कोरायचं कामही तेच करत, आणि कोरून झालं की गुळगुळीत पट्टीवर आपली आद्याक्षरं, आर व्ही जी, हाताने ओरखडून ठेवत. पुढे त्याच्याऐवजी आडनावाचा शिक्का आला. तबकड्या दाबल्या जात प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्यात, आणि तो कारखाना त्याच पट्टीवर इंग्रजी 'पी' अक्षर वळणदार लिहून टाकत असे. ते दिसतं माणसाच्या कानासारखं. म्हणून सगळे संग्राहक त्याला 'कान' म्हणतात. १९६६ च्या सुमारास ब्लू नोट लिबर्टी कंपनीकडे गेली, आणि कान नाहीसा झाला.

तेव्हा कान दिसला, की तबकडी लिबर्टीच्या आधीची. हे अनुमान चांगलं. पण कान दिसला म्हणजे पहिलीच छपाई, हे अनुमान चुकीचं, कारण त्याच कारखान्यात त्याच साच्यावरून चार-पाच वर्षांनी पुन्हाही छपाई होत होती. मग लेबलावरचा पत्ता बघायचा. आधी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, १९५७ पासून वेस्ट ६३ वा रस्ता, त्यानंतर नुसतं न्यूयॉर्क, यू.एस.ए. आणखी एक प्रसिद्ध खूण म्हणजे लेबलावरची गोल खाच. नख फिरवलं तर लागते. तिला 'डीप ग्रूव्ह' म्हणतात, आणि विक्रेते जाहिरातीत ती मोठ्या अक्षरांत लिहितात, जणू तिच्यामुळे जन्मदाखला मिळाला. वास्तविक ती खाच दाबयंत्राच्या जुन्या साच्यामुळे पडते. नवे साचे आल्यावरही कारखान्यात जुने अधूनमधून वापरले जात, कधी एकाच बाजूला. म्हणजे नंतरच्या छपाईतही खाच सापडते. न्यायशास्त्रात ह्याला सव्यभिचार हेतू म्हणतात : जो साध्य असेल तिथेही असतो आणि नसेल तिथेही असतो. अशा हेतूवर लोकांनी हजारो रुपये घालवलेले आम्ही पाहिले आहेत. त्या लोकांत आम्हीही एकदा होतो.

आमची फजिती त्याहून सोपी होती, ती सांगून टाकतो. ऐंशीच्या दशकात मुंबईला कामासाठी गेलो की चोरबाजारात मटण स्ट्रीटवर चक्कर ठरलेली. एकदा एका दुकानात जुन्या ब्लू नोटचं कव्हर दिसलं. वुल्फने काढलेला तो काळापांढरा फोटो, रीड माइल्सची ती ठसठशीत अक्षरं. कडा शाबूत. हात थरथरायचाच बाकी होता. दुकानदाराला आपली घाई कळू नये म्हणून आम्ही आतली तबकडी न काढताच, तोंडावर जमेल तेवढी उदासीनता आणून घासाघीस केली आणि दादरला गाडीत बसल्यावर पिशवी उघडली. आत गिटारवर वाजवलेल्या हिंदी सिनेगीतांची तबकडी होती. कव्हरावरून आतल्या वस्तूचं अनुमान करायचं नाही, हा धडा वर्गात शिकवून दिला नसता इतका पक्का बसला. ती गिटारही तशी बरी आहे. अजून आहे आमच्याकडे.

एवढी खटपट कशासाठी, हा मुलीचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. संग्राहकांचं नेहमीचं उत्तर असं : पहिली छपाई मूळ घटनेच्या सर्वांत जवळ असते. फित ताजी, साचा ताजा, कोरणारा तोच माणूस ज्याने खोलीत बसून ऐकलं होतं. ह्या उत्तरात तथ्य आहे. व्हॅन गेल्डरची मूळ कोरीव चकती आणि पुढच्या कुणीतरी केलेली चकती शेजारी ठेवून ऐकली तर ट्रंपेट आणि ढोल तोंडावर येऊन आदळण्यातला फरक कुणालाही कळतो. पण 'जवळ' ह्या शब्दावर आपण फार भार टाकतो आहोत का? दोन प्रसिद्ध तबकड्यांची हकीकत ऐका.

पहिली माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, मुळात चर्चची इमारत. तिथे १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल ह्या दोन दिवसांत हे ध्वनिमुद्रण झालं. वादकांच्या हातात जेमतेम आराखडे होते. कोल्ट्रेन, कॅननबॉल ॲडरली, बिल एव्हन्स, पॉल चेंबर्स, जिमी कॉब, आणि एका रचनेपुरते पियानोवर विंटन केली. जॅझ न ऐकणाऱ्यांच्या घरीही सापडते अशी ही तबकडी. आता गंमत बघा. २ मार्चला ज्या यंत्रावर मुख्य फित चालली होती ते यंत्र जरासं हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर घेतलेली फित बरोबर वेगाने वाजवली की ती मुळापेक्षा जलद वाजणार, आणि सूरही चढणार. त्यामुळे तबकडीची अख्खी पहिली बाजू, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्ल्यू इन ग्रीन', खऱ्या सुरापेक्षा किंचित वर छापली गेली. तबकडी लावून तिच्याबरोबर वाजवू पाहणाऱ्या वादकांचं वाद्य तिच्याशी नीट जुळत नसे. १९९२ मध्ये नवी आवृत्ती काढताना त्या दिवशी शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर घेतलेली राखीव फित वापरली, तिचा वेग बरोबर होता, आणि तेहेतीस वर्षांनी सूर जागेवर आला. भरीला, सुरुवातीच्या काही प्रतींत दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली होती, आणि ॲडरलींच्या नावाचं स्पेलिंगही चुकलेलं होतं.

ह्या चुका असलेल्या प्रतीला बाजारात किंमत जास्त. का, तर ती पहिली. पण पहिली असून ती त्या खोलीपासून दूर आहे, आणि १९९२ ची जवळ! 'मूळ' ह्या एका शब्दात आपण दोन वेगळे प्रश्न कोंबले आहेत. एक, कालक्रमाने आधीचं कोणतं. दुसरा, घटनेशी प्रामाणिक कोणतं. बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर एक येतं म्हणून भेद लक्षात येत नाही. इथे दोन उत्तरं आली, आणि गाठ सुटली.

तरी आमची एक तक्रार आहे. सूर सुधारलेली आवृत्ती आम्ही विकत घेतली, ऐकली, आणि पहिले पंधरा दिवस ती आम्हाला चुकीची वाटत होती. ज्या 'सो व्हॉट'वर आमचा कान तयार झाला, तो चढ्या सुराचा. साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत जगभरच्या वादकांनी, रसिकांनी जे ऐकून डोकं हलवलं, ते चुकीच्या वेगाचं होतं. ती चूक आता त्या संगीताच्या इतिहासाचा भाग झालेली आहे. ती दुरुस्त करता येते, पुसता येत नाही. म्हणून कपाटात दोन्ही. तीन प्रतींपैकी दोनांचा हिशेब असा लागला.

दुसरी हकीकत ड्यूक एलिंग्टनची. ७ जुलै १९५६, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. रात्री उशिरा एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हिस टेनर सॅक्सोफोन घेऊन पुढे आले आणि एकाच चौकटीवर सत्तावीस आवर्तनं वाजवली. आडनाव ऐकून गोव्याकडच्या श्रोत्यांनी कान टवकारले असतील. ते गोव्याचे नव्हेत, त्यांचे आईवडील केप व्हर्दी बेटांचे, पण आडनाव एकाच पोर्तुगीज वाटेने आलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले, नाचू लागले. ह्या रात्रीची 'एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट' ही तबकडी त्यांची सर्वांत जास्त खपलेली तबकडी ठरली. आणि त्यात अडचण अशी, की गोन्साल्व्हिस कोलंबियाच्या माइकसमोर वाजवत नव्हते. ते 'व्हॉइस ऑफ अमेरिका' ह्या नभोवाणीच्या माइकसमोर उभे होते. तबकडीत त्यांचा सॅक्सोफोन दुरून आल्यासारखा येतो, त्याचं कारण हे. शिवाय कार्यक्रमातला बराच भाग दोन दिवसांनी स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला होता आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या होत्या. चाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये, नभोवाणीची ती फित सापडली. कोलंबियाची फित आणि ही फित एकत्र करून १९९९ मध्ये त्या रात्रीचं खरं ध्वनिमुद्रण बाहेर आलं.

म्हणजे १९५६ ची पहिली छपाई, सगळ्या खुणा तपासून घेतलेली, हाती आली तरी तिच्यातल्या काही टाळ्या त्या रात्रीच्या नाहीत. तबकडी म्हणजे घटना नव्हे, घटनेची साक्ष आहे. आणि साक्षीदाराची परीक्षा आपल्याकडे फार जुन्या काळापासून ठरलेली आहे. शब्द हे प्रमाण कधी? तर तो आप्ताचा असेल तेव्हा, म्हणजे ज्याने वस्तू जशी आहे तशी पाहिली आहे आणि जशी पाहिली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे त्याचा. साक्षीदार आधी आला की उशिरा, ह्याने काही ठरत नाही. न्यूपोर्टच्या बाबतीत जवळ उभा असलेला साक्षीदार चाळीस वर्षं बोललाच नव्हता.

आप्ताची दुसरी अट, खरं सांगायची इच्छा, हिची परीक्षा नुकतीच झाली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली कंपनी जुन्या तबकड्यांच्या उंची आवृत्त्या काढते. महाग, क्रमांक घातलेल्या. घेणाऱ्यांची समजूत अशी, की मूळ फितीवरून थेट कोरलेली ही तबकडी, मध्ये संगणक नाही. २०२२ मध्ये तिने एका लोकप्रिय तबकडीच्या चाळीस हजार प्रती काढायचं जाहीर केलं तेव्हा काहींनी साधा हिशेब मांडला : इतके साचे करायचे तर मूळ फित कितीदा यंत्रावर चढवावी लागेल? जुनी फित ते सोसेल का? त्याच उन्हाळ्यात कबुली मिळाली, की गेली बरीच वर्षं अनेक आवृत्त्यांत मध्ये डिजिटल प्रत करत होते. गदारोळ झाला, कोर्टकचेरी झाली, पैसे परत देण्याची तडजोड झाली.

ह्या प्रकरणात हसू येण्यासारखी गोष्ट अशी, की ह्याच तबकड्यांत डिजिटलचा लवलेश नाही, ऐकताच कळतं, असं कानाचे मोठमोठे जाणकार वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत होते. मग फरक ऐकूच येत नसेल तर फसवणूक कसली, असं कुणी म्हणेल. गुडमनकडे ह्याचं उत्तर आहे. अस्सल चित्र आणि हुबेहूब नक्कल ह्यांत आज मला फरक दिसत नसेल, पण फरक आहे हे कळलं की मी कसं बघायचं, कशाकडे बघायचं, हे बदलतं. उद्या तो दिसायला लागू शकतो. आम्ही त्यात एवढीच भर घालू, की साक्षीदाराने मधलं ऐकीव 'प्रत्यक्ष पाहिलं' म्हणून सांगितलं तर मजकूर बरोबर असला तरी साक्ष बिघडते. स्वतः व्हॅन गेल्डर, ज्यांच्या ओरखड्यासाठी लोक जीव टाकतात, ते उतारवयात डिजिटलच्या बाजूचे होते. लाँग प्ले गेली ते बरं झालं, आवाज बिघडवणारी वस्तू होती ती, अशा अर्थाचं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. संग्राहक मंडळींत हे वाक्य फारसं कुणी काढत नाही.

आता न झालेल्या साक्षीबद्दल थोडंसं, कारण त्याचा धागा आपल्याकडेही येतो. लाँग प्लेच्या आधी, म्हणजे १९४८ पूर्वी, मिनिटाला ७८ फेऱ्यांचे तवे होते, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं आपल्यापर्यंत त्याच मापात आलं. हे तवे शेलॅकचे, म्हणजे लाखेचे, आणि ती लाख बहुतांशी छोटा नागपूरकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून जात असे. लुई आर्मस्ट्राँगचा शिकागोत काढलेला तवा हातात घेतला तर त्यात बहुधा आपल्याकडच्या किड्यांची मेहनत असते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले, लाख दुर्मिळ झाली, आणि १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तव्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून तिथल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलो ह्यांच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांशी तो १९४४ च्या अखेरीपर्यंत चालला. नेमक्या त्याच काळात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात एकत्र वाजवत होते आणि बीबॉप नावाची नवी शैली आकार घेत होती. त्या वाद्यवृंदाचा त्या दिवसांतला एकही व्यावसायिक तवा नाही. एका शैलीचं बाळपण जवळजवळ ऐकू न येताच निघून गेलं.

आणि मुंबईचं काय? १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आले, नंतर पियानिस्ट टेडी वेदरफर्ड आले, आणि त्यांच्या शेजारी बसून, ऐकून, गोव्याचे वादक तयार झाले. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे. ते सी. रामचंद्र अण्णांच्या सिनेसंगीतात आले, 'अलबेला'त तर पडद्यावरही दिसतात. पण हॉटेलांत रात्र-रात्र ही मंडळी जे उत्स्फूर्त वाजवत, त्यातलं फार थोडं तव्यावर उतरलं. चोरबाजारात आम्ही चाळीस वर्षं ज्या गठ्ठ्यांतून अमेरिकेतला कान शोधत होतो, त्या गठ्ठ्यांत आपल्याच शहरातला आवाज जवळपास नव्हता, हे कळायला आम्हाला फार वेळ लागला. संग्राहक असलेल्या वस्तूंची यादी करतो. नसलेल्यांची यादीही तितकीच मोलाची असते.

एक-दोन व्यावहारिक गोष्टी, कारण व्याख्यानानंतर त्याच विचारल्या जातात. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचल्या की वाकतात. आपल्याकडे पावसाळ्यात कव्हराला बुरशी धरते. कपाट भिंतीपासून थोडं सुटं ठेवा आणि आतली जुनी कागदी पिशवी बदला. सुई वेळेवर बदला, झिजलेली सुई खोबण खरवडते. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर घेऊ नका. ब्लू नोटची १५६८ क्रमांकाची हँक मोब्ली हजारो डॉलरला जाते हे खरं. पण ती ज्यांच्या कपाटात आहे ते बहुतेक ती वाजवायला भितात.

मुलीला आम्ही काय सांगितलं ते सांगून थांबतो. तिला म्हटलं, तीन प्रतींतली एक काढून टाकू. ती मधल्या काळातली छपाई आहे, तिच्यात ना पहिल्याचं काही, ना दुरुस्त केलेल्याचं. ती तुझ्या पोराला दे, ओरखडे पडले तरी चालतील. उरलेल्या सगळ्या तबकड्यांच्या कव्हरांत आम्ही सध्या एकेक चिठ्ठी घालत बसलो आहोत : ध्वनिमुद्रण कुठल्या दिवशीचं, छपाई कुठली, खूण काय पाहून ओळखली, आणि हिच्यात खोटं काय आहे. रोज संध्याकाळी पाच-सहा होतात. न्यूपोर्टवाल्या चिठ्ठीत लिहिलंय, "काही टाळ्या नंतरच्या." जुन्या 'काइंड ऑफ ब्लू'वरच्या चिठ्ठीत, "पहिली बाजू जरा घाईत आहे." मुलीने ती वाचली आणि विचारलं, मग ही लावू का ती दुसरी? आम्ही म्हटलं, आज हीच लाव.